आमच्या पोरांना कंपाइल करू द्या

‘लिनक्सवर प्रोग्राम कंपाइल करायला शिकवून पांढुर्णा-सौंसरच्या पोरांचा वेळ कशाला घालवता? टॅली शिकवा, एक्सेल शिकवा, सीपीसीटी परीक्षेसाठी टायपिंग पक्कं करून घ्या. पोरगं कुठंतरी चिकटलं की झालं.’ हे मी पालकांकडून ऐकलं आहे, कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्यांकडून ऐकलं आहे आणि कॉलेजात शिकवणाऱ्या जाणत्या माणसांकडूनही ऐकलं आहे. बोलणाऱ्यांच्या मनात पोरांचं वाईट नाही. संत्र्याचा बगीचा गारपिटीनं झोडपला की घराचं वर्ष कसं जातं हे ज्यानं पाहिलं आहे, तो पोराला लवकर पगार लागावा असंच म्हणणार. पण काळजी खरी असली म्हणून सल्ला बरोबर ठरत नाही. हा सल्ला चुकीचा आहे आणि मध्य प्रदेशातल्या आपल्या मराठी भागासाठी तर तो फार महागात पडणारा आहे. का, ते एकेक आक्षेप घेऊन मांडतो.

आधी नेमकं काय शिकवायचं आहे ते सांगतो, कारण विरोध करणाऱ्या बऱ्याच जणांना कंपाइल करणं म्हणजे मोठ्या शास्त्रज्ञांचं काम वाटतं. डेबियन किंवा उबुंटू टाकलेल्या मशीनवर टर्मिनल उघडायचं आणि ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल’ अशी आज्ञा द्यायची. त्या एका नावामागोमाग जीसीसी आणि जी-प्लस-प्लस हे कंपायलर, मेक, सी भाषेच्या मूळ लायब्ररीच्या हेडर फाइली असा सगळा संच मशीनवर येतो. मग एखाद्या प्रोग्रामचा सोर्स उतरवायचा, ‘कॉन्फिगर’ चालवायचं, त्यामागून ‘मेक’ चालवायचं. इथवर सोपं आहे. पण थोड्याच वेळात पडद्यावर एक ओळ येते: ‘फेटल एरर: झेडलिब डॉट एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. आणि काम थांबतं.

पोरगं म्हणतं, ‘सर, झेडलिब तर मशीनवर आहे!’ ते खरंच असतं. झेडलिब ही डेटा दाबून लहान करणारी, १९९५ पासूनची लायब्ररी. साधं पीएनजी चित्र उघडायलाही ती लागते, म्हणून जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर ती असतेच. पण डेबियनमध्ये लायब्ररीचे दोन भाग करून ठेवतात. प्रोग्राम चालताना जे लागतं ते ‘झेडलिब१जी’ या पॅकेजात. प्रोग्राम तयार करताना जे लागतं ते ‘झेडलिब१जी-डेव्ह’ या वेगळ्या पॅकेजात. या दुसऱ्या भागात हेडर फाइल असते. लायब्ररीत कोणती फंक्शनं आहेत, त्यांना काय द्यायचं आणि ती काय परत देतात हे ती कंपायलरला सांगते. लिंकरला लायब्ररी सापडावी म्हणून ठेवलेली जोडफाइल आणि पीकेजी-कॉन्फिगची नोंदही तिथंच असते. फेडोरावाले अशा पॅकेजांच्या नावामागे ‘-डेव्हल’ लावतात. नुसतं वापरणाऱ्याच्या डिस्कवर फुकटचा भार नको, म्हणून ही वाटणी. डेव्ह पॅकेज टाकलं, की मघाशी अडलेली आज्ञा पुढे सरकते.

वाद या कामावरून आहे. पडद्यावरची चूक वाचायची, कोणती फाइल मिळाली नाही ते ओळखायचं, ‘ॲप्ट-फाइल’नं ती कोणत्या पॅकेजात आहे ते शोधायचं, पॅकेज टाकायचं, पुन्हा मेक चालवायचं. हे ज्याला जमलं, तो बंद पडलेल्या मशीनसमोर हात जोडून बसत नाही. आता आक्षेपांकडे येतो.

पहिला आक्षेप नोकरीचा. माखनलाल चतुर्वेदी विद्यापीठाशी जोडलेली डीसीए आणि पीजीडीसीएची केंद्रं मध्य प्रदेशात गावोगावी आहेत. सरकारी भरतीत त्या प्रमाणपत्रांना किंमत आहे आणि सीपीसीटी द्यायची तर टायपिंगला पर्याय नाही. ते बंद करा असं मी म्हणत नाही. माझा आक्षेप आहे तो तिथंच थांबण्यावर. टायपिंग आणि एक्सेल येणारी पोरं प्रत्येक तहसिलीत ढिगानं आहेत आणि जागा मोजक्या निघतात. उरलेल्यांनी काय करायचं? ती पोरं नागपूरची गाडी धरतात. तिथं मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत, शहरात लहानमोठ्या कंपन्या आहेत, आणि त्यांच्या वेबसाइटी, ॲपं ज्या सर्व्हरवर चालतात ते सर्व्हर बहुतेक लिनक्सवर असतात.

अशा ठिकाणी पहिल्या आठवड्यात काय होतं ते बघा. पोराला पायथन येतं, जँगो येतं, पोस्टग्रेस डेटाबेस जोडायचा असतो. ते ‘पिप इन्स्टॉल सायकोपीजी२’ अशी आज्ञा देतं आणि समोर उत्तर येतं की ‘पीजी-कॉन्फिग’ सापडत नाही. कारण पिप तिथं सोर्सपासून सी भाषेतला भाग कंपाइल करू पाहतो आहे आणि त्याला पोस्टग्रेसचं डेव्ह पॅकेज, ‘लिबपीक्यू-डेव्ह’, हवं आहे. सोबत ‘पायथन३-डेव्ह’ही हवं आहे. ज्यानं गावात असताना झेडलिबची अडचण सोडवली, त्याला इथं नवीन असं काही नाही. ज्यानं नुसता जँगोचा कोर्स केला, ते पोरगं दिवसभर ती एक ओळ इकडून तिकडे चिकटवत बसतं. डॉकरचंही तेच. कंटेनर म्हणजे सगळं तयार, असं क्लासमध्ये सांगतात. पण तो कंटेनर बनवणारी डॉकरफाइल उघडा, पहिल्याच काही ओळींत ‘ॲप्ट-गेट इन्स्टॉल’ आणि त्यामागे डेव्ह पॅकेजांची रांग दिसेल. मग नोकरीसाठी कंपाइल शिकू नका, हा सल्ला नोकरीच्याच मुळावर येतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: ‘सगळं तयार पॅकेजात मिळतं, तर सोर्सपासून बांधायचं कशाला?’ यातलं अर्धं मला मान्य आहे. जो प्रोग्राम ॲप्टमधून मिळतो आणि आपलं काम भागवतो, तो ॲप्टमधूनच घ्यावा. त्याच्या सुरक्षा-दुरुस्त्या आपोआप येतात, काढून टाकायचा तर एका आज्ञेत जातो. ‘सुडो मेक इन्स्टॉल’ मारून सिस्टिमभर फाइली पसरवणं ही वाईट सवय आहे. शिकणाऱ्यानं ‘प्रीफिक्स’ देऊन आपल्या होम फोल्डरातच प्रोग्राम ठेवावा. पण तयार पॅकेजावर सगळं भागतं हे म्हणणं खरं नाही.

छापील अक्षर वाचणाऱ्या टेसरॅक्टचं उदाहरण घ्या. हा प्रोग्राम एचपी कंपनीत १९८५ पासून घडला, २००५ साली त्याचा सोर्स खुला झाला आणि आज तो मराठीही वाचतो. २०१८ साली त्याची चौथी आवृत्ती आली. तिच्यात न्यूरल नेटवर्कवर चालणारी नवी पद्धत होती. पण ज्याच्याकडे उबुंटू १६.०४ होतं, त्याला ॲप्टमधून ३.०४ मिळत होती, कारण स्थिर आवृत्तीत पॅकेजं मुद्दाम गोठवून ठेवतात. चौथी हवी तर सोर्सपासून बांधा. बांधायला गेलं तर टेसरॅक्ट म्हणे मला लेप्टोनिका ही चित्रांची लायब्ररी १.७४ किंवा नवी हवी. उबुंटूमध्ये होती १.७३. म्हणजे आधी लेप्टोनिका बांधा, मग टेसरॅक्ट. पुढे आणखी एक पायरी आहे. टेसरॅक्टला नव्या अक्षरवळणाचं शिक्षण द्यायची जी हत्यारं आहेत, ती आयसीयू, पँगो आणि कैरो या तिघांची डेव्ह पॅकेजं असतील तरच तयार होतात. नसतील तर कॉन्फिगर थांबत नाही. ट्रेनिंगची हत्यारं बनणार नाहीत एवढा इशारा देतं आणि पुढे जातं. ज्यानं ओळी वाचल्या त्याला तिथंच कळतं. ज्याला वाचायची सवय नाही, त्याला प्रोग्राम पूर्ण बांधला असं वाटतं आणि हत्यारं का नाहीत ते कळत नाही.

आता सांगा, आपल्या गावांतल्या वाचनालयांत जुनी मराठी पुस्तकं आहेत, जुन्या खिळ्यांच्या छपाईतली, तुटक अनुस्वारांची. ती संगणकात आणायची असतील तर त्या छपाईची सवय प्रोग्रामला लावावी लागेल. ते काम भोपाळहून कोणी येऊन करणार आहे का?

काही प्रोग्राम तर येतातच मुळी सोर्सच्या रूपात. हवामानाचं डब्ल्यूआरएफ हे मॉडेल त्यातलं. अमेरिकेत तयार झालेलं, जगभर वापरलं जाणारं; आपल्या हवामान खात्यातही ते वापरात आहे. ते मिळतं फोरट्रान आणि सी मधल्या सोर्सच्या रूपात. आपल्या मशीनवर नेटसीडीएफची डेव्ह पॅकेजं टाका, ‘कॉन्फिगर’ चालवा, ‘कंपाइल’ चालवा, तेव्हा मॉडेल उभं राहतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत २०१८ साली ‘प्रत्यूष’ हा महासंगणक आला आणि २०२४ साली ‘अर्क’. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांपैकी एकूण एक लिनक्सवर चालतो. म्हणजे आंबिया बहार धरताना ज्या अंदाजाकडे आपला शेतकरी डोळे लावून बसतो, तो अंदाज कोणीतरी लिनक्सवर बसून बांधलेल्या प्रोग्राममधूनच निघतो. ते कोणीतरी सौंसरचं का नसावं?

आपल्या लोकांना हे समजायला अवघड जाऊ नये. बाजारातून संत्री आणून खाणारा आणि जंभेरीच्या खुंटावर डोळा भरून स्वतःची कलमं करणारा, यांत बाग कोणाच्या हातात आहे हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. रोग आला तर खुंट बदलायचा निर्णय दुसराच घेऊ शकतो.

तिसरा आक्षेप साधनांचा: ‘नेट धड नाही, मशीनं जुनी, हे शहरातल्या पोरांचे चोचले.’ उलट आहे. जुन्या मशीनवाल्यांनाच हे जास्त उपयोगाचं आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि ठरावीक प्रोसेसर लागतात, म्हणून कितीतरी धडधाकट मशीनं त्यातून बाद होतात. शाळा-कॉलेजांच्या लॅबमध्ये अशी मशीनं भरलेली आहेत. त्यांच्यावर डेबियन चालतं, जीसीसी चालतं, आणि सी शिकायला त्याहून जास्त काही लागत नाही.

आणि नेटचं म्हणाल तर डेबियननं ही अडचण फार आधी ओळखली आहे. डेबियन डीव्हीडीच्या प्रतींच्या रूपातही मिळतं, त्यात हजारो पॅकेजं असतात. शिवाय ‘ॲप्ट-ऑफलाइन’ नावाचं साधन आहे. ते रितेश राज सर्राफ या भारतीय डेबियन विकसकानं लिहिलं आहे. नेट नसलेल्या मशीनवर ‘सेट’ आज्ञा दिली की काय काय हवं त्याची एक फाइल बनते. ती पेनड्राइव्हवर घ्यायची. नागपूरला, छिंदवाड्याला, जिथं नेट चांगलं असेल तिथल्या मशीनवर ‘गेट’ दिलं की ती सगळी पॅकेजं, त्यांना लागणाऱ्या इतर पॅकेजांसकट, उतरतात. परत येऊन ‘इन्स्टॉल’. आपल्याकडचा कोण ना कोण रोज नागपूरला जातोच. एका पेनड्राइव्हच्या फेरीत अख्ख्या लॅबची डेव्ह पॅकेजं येतात. साधन नाही ही सबब इथं टिकत नाही.

चौथा आक्षेप भाषेचा. ‘घरात मराठी, शाळेत हिंदी, आणि हे सगळं इंग्रजीत. पोरांना झेपत नाही.’ हा आक्षेप घेणाऱ्यांशी मी वाद घालणार नाही, कारण अडचण खरी आहे. पण अडचण आहे म्हणून सोडून देणं हा तिचा इलाज नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पानं लिनक्स, सी, सी-प्लस-प्लस असे विषय छोट्या व्हिडिओंत आणले आणि ते मराठीतही ऐकायला मिळतात. डाउनलोड करून नेटशिवाय बघता येतात. पोरगं एका खिडकीत व्हिडिओ लावतं आणि शेजारच्या खिडकीत तेच करून बघतं. कंपायलरच्या इंग्रजी चुकांचा साठाही फार मोठा नाही. ‘नो सच फाइल’, ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’, ‘परमिशन डिनाइड’ अशा मोजक्या ओळी पुन्हापुन्हा येतात. त्या ओळखीच्या व्हायला इंग्रजीचा पंडित व्हावं लागत नाही.

शिवाय मराठीचा प्रश्न सुटतो तोही कंपाइल करूनच. मुक्त प्रोग्रामांतली भाषांतरं पीओ नावाच्या साध्या मजकूर-फाइलीत असतात. एका ओळीत इंग्रजी वाक्य, खालच्या ओळीत त्याचं मराठी. जीनोम, लिब्रेऑफिस यांत दिसणारं मराठी स्वयंसेवकांनी, पुण्या-मुंबईच्या लहान गटांनी, रेड हॅटच्या पुण्यातल्या भाषा-कर्मचाऱ्यांनी असंच ओळ-ओळ लिहिलं. बरेच प्रोग्राम आज उघडले तर अर्धा मेनू मराठीत आणि अर्धा इंग्रजीत दिसतो, कारण पुढचं काम करायला हात कमी पडले. पीओ फाइलीत तुम्ही शब्द बदलला तरी तो पडद्यावर दिसत नाही. ‘एमएसजीएफएमटी’ या साधनानं ती फाइल कंपाइल करून एमओ बनवावी लागते. लिनक्सला मराठी महिने, वार आणि वर्णक्रम सांगणारी लोकेलची व्याख्या आहे, तीही मजकूरच. ‘लोकेलडेफ’नं ती कंपाइल झाली की मग लागू होते. रेड हॅटनं खुला केलेला लोहित देवनागरी हा फॉन्टसुद्धा सोर्ससकट मिळतो, फॉन्टफोर्जमध्ये उघडता येतो आणि बदलून पुन्हा बनवता येतो. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्यानंतर फॉन्टांत, कीबोर्डांच्या नकाशांत ते कोणालातरी घालावंच लागलं. ज्यांना घालता येत होतं त्यांनी घातलं. इतर वाट बघत बसले.

पाचवा आक्षेप सुरक्षेचा. मार्च २०२४ मध्ये एक्सझेडचं प्रकरण उघडकीला आलं आणि तेव्हापासून ‘बघा, फुकटच्या सॉफ्टवेअरचं असं असतं’ हे ऐकावं लागतं. झालं होतं असं: एक्सझेड या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदार बसवलं होतं. ते सोर्सच्या उघड्या भांडारात सरळ दिसत नव्हतं. प्रकाशित केलेल्या टारबॉलमधल्या बिल्ड-स्क्रिप्टमध्ये आणि चाचणीच्या नावाखाली ठेवलेल्या बायनरी फाइलींत ते लपवलं होतं, आणि डेबियन किंवा आरपीएम पॅकेज बांधताना ते जागं होत होतं. आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेसवर काम करणारा विकसक. एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे हे त्याच्या ध्यानात आलं, त्यानं माग काढत मूळ गाठलं आणि २९ मार्चला ते जाहीर केलं. स्थिर आवृत्त्यांपर्यंत ते पोचण्याआधीच थांबलं.

या प्रकरणातून माझ्या विरोधकांचं म्हणणं सिद्ध होत नाही. चोरी शिरली ती बिल्डच्या वाटेनं, म्हणजे ज्या वाटेकडे बघायला आपण पोरांना शिकवत नाही त्याच वाटेनं. ती पकडली गेली कारण सोर्स उघडा होता आणि बांधणी समजणारा माणूस समोर बसला होता. बंद सॉफ्टवेअरमध्ये तो अर्धा सेकंद ध्यानात आला असता, तरी पुढे उघडून काय बघणार होता? याच धोक्यावर डेबियनमध्ये २०१३ पासून ‘रिप्रोड्युसिबल बिल्ड्स’चं काम चालू आहे. एकच सोर्स दोन वेगळ्या ठिकाणी, दोन वेगळ्या माणसांनी कंपाइल केला, तर येणारी फाइल बिटाबिटानं सारखी असली पाहिजे. नसेल तर कुठंतरी काहीतरी मिसळलं गेलं आहे. ही तपासणी करायला मोठी पदवी लागत नाही. मशीन, डेव्ह पॅकेजं आणि चिकाटी लागते. कंपाइल करणारे हात जितके जास्त आणि जितके दूरदूर पसरलेले, तितकी ही तपासणी पक्की.

सहावा आक्षेप अगदी ताजा: ‘आता एआय सगळं लिहून देतं.’ कोड लिहून देतं, हे खरं. पण लिहिलेला कोड चालतो तो तुमच्या मशीनवर, तुमच्या आवृत्तीवर. एआयला विचारलं तर ते कधी फेडोराचं ‘-डेव्हल’ पॅकेज डेबियनवर टाकायला सांगतं, कधी नसलेल्या पॅकेजाचं नाव ठोकून देतं. बरोबर काय, चूक काय हे ठरवायला समोरच्या माणसाला हेडर, लायब्ररी आणि लिंकर यांतला फरक माहीत असावा लागतो. ज्याला तो माहीत आहे त्याच्या हातात एआय मोठं हत्यार आहे. ज्याला नाही, तो एआय सांगेल ती आज्ञा सुडो लावून मारत सुटतो, आणि त्यात मशीनही जातं.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येतो. ‘हे पुण्या-बंगळुरूच्या लोकांनी करावं, आपण वापरावं’ असं जे म्हटलं जातं, ते आपल्याला तरी परवडणारं नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूर होती. राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि छिंदवाडा जिल्ह्यासोबत सौंसर आणि पांढुर्णा नव्या मध्य प्रदेशात राहिले. राजधानी भोपाळ झाली. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, कलेक्टर कचेरी जवळ आली, याचा आनंद आहेच. पण घरात, बाजारात, पोळ्याला, जाम नदीच्या काठावरच्या गोटमारीला आपण मराठी बोलतो आणि फॉर्म हिंदीत भरतो, हे काही बदललं नाही.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो ते बघा. मध्य प्रदेश सरकार जे बनवेल ते हिंदीत बनवेल. महाराष्ट्रात जे मराठीत बनेल ते सातबारा धरून बनेल. आपल्या शेतकऱ्याकडे सातबारा नाही, खसरा आणि बी-१ आहे. माल जातो नागपूरच्या कळमन्याला, हिशेब डोक्यात मराठीत, कागद हिंदीत. अशा माणसासाठी प्रोग्राम बनवण्यात कोणत्याही कंपनीला धंदा दिसणार नाही, आणि त्यात कंपनीचा दोषही नाही. गिऱ्हाईकच थोडकं आहे. मग उरतं कोण? आपली पोरं. ग्नूकॅशसारखा हिशेबाचा मुक्त प्रोग्राम घ्यावा, त्याच्या भाषांतराच्या फाइलीत आपल्या बाजारात चालतात ते शब्द घालावेत, आंबिया आणि मृग बहाराची वेगळी खाती मांडावीत, खसऱ्याच्या क्रमांकाची जागा करावी, डेव्ह पॅकेजं टाकून तो पुन्हा बांधावा आणि गावात वाटावा. त्याला भोपाळची परवानगी लागत नाही, मुंबईची लागत नाही, मूळ लेखकाचीही लागत नाही. परवाना आधीच दिलेला आहे.

हा परवाना लिहिणाऱ्यांनी कंपाइल करण्याचं महत्त्व आपल्याआधी ओळखलं होतं. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला, आणि त्या प्रकल्पातून १९८७ साली जीसीसी बाहेर आला. मुक्त कार्यप्रणाली उभी करायची तर आधी मुक्त कंपायलर हवा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पुढे १९९१ साली जीपीएल या परवान्याची दुसरी आवृत्ती निघाली. सोर्स देणं म्हणजे काय याची व्याख्या करताना त्या आवृत्तीनं नुसता कोड पुरेसा मानला नाही. हेडरसारख्या जोडणीच्या फाइली आणि कंपाइल-इन्स्टॉल करायच्या स्क्रिप्टसुद्धा द्याव्या लागतील, असं तिनं बजावलं. ज्याला बांधता येत नाही, त्याच्या हातात सोर्स दिला काय आणि न दिला काय, सारखंच. कायद्यानं तो हक्क आपल्याला मिळून तीन दशकं उलटली. आपण तो वापरायला शिकवत नाही, आणि वर पोरांना सांगतो की त्याची तुम्हाला गरज नाही.

केरळनं असं सांगितलं नाही. त्यांनी सरकारी शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर आणल्या, त्यासाठी स्वतःची लिनक्स आवृत्ती बनवली, शिक्षकांना शिकवलं, आणि २०१७ साली त्या कामासाठी ‘काइट’ ही कंपनीच उभी केली. सी-डॅकनं डेबियनवरच आधारलेली ‘बॉस’ ही भारतीय भाषांची कार्यप्रणाली २००७ साली आणली. केंद्र सरकारनं २०१५ साली सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला पहिली पसंती देणारं धोरण जाहीर केलं. म्हणजे दिल्लीचं धोरण आहे, डेबियनची साधनं आहेत, मराठीतले धडे आहेत. कमी पडतं आहे ते आपल्या लॅबांत शिकवणं.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. पांढुर्णा आणि सौंसरच्या प्रत्येक कॉलेजात, आयटीआयमध्ये आणि डीसीए चालवणाऱ्या प्रत्येक केंद्रात विंडोज १० सोबत बाद ठरलेल्या मशीनांपैकी काही मशीनं डेबियनवर आणा. एका हार्ड डिस्कवर पॅकेजांची प्रत ठेवा, म्हणजे नेट गेलं तरी ॲप्ट चालेल. टॅली शिकवा, टायपिंग शिकवा, आणि त्याच वर्षात प्रत्येक पोराकडून एक प्रोग्राम सोर्सपासून बांधून घ्या. आलेली प्रत्येक चूक आणि तिच्यावर टाकलेलं डेव्ह पॅकेज मराठीत वहीत लिहायला लावा. पुढच्या वर्षीच्या पोरांना तीच वही पाठ्यपुस्तकासारखी उपयोगी पडेल. ज्यांना हे पटत नाही त्यांनी लॅबमध्ये येऊन एखादं सत्र समोर बसून बघावं आणि मग विरोध करावा.

पालकांना एवढंच सांगतो: तुमच्या पोराला नोकरी लागावी हे मलाही हवं आहे. पण ज्या भागासाठी कोणी काही बनवत नाही, त्या भागातल्या पोरांना नुसतं वापरायला शिकवलं, तर ती आयुष्यभर दुसऱ्यानं दुसऱ्यासाठी बनवलेलं वापरत राहतील. बनवायची साधनं फुकट आहेत, हक्क लेखी आहे, मशीनं लॅबमध्ये पडून आहेत. पोरांना अडवू नका.